नाट्यगृहासाठी प्रकाशनियंत्रण कन्सोल कसा निवडावा: नवख्यांसाठी मार्गदर्शन

गोव्यात नाटकाला जागेची वाण नाही. पणजीत कांपाल येथे कला अकादमीचे दीनानाथ मंगेशकर कला मंदिर आहे, फोंड्यात राजीव गांधी कला मंदिर आहे, मडगाव, कुडचडे आणि साखळी येथे रवींद्र भवने आहेत. यांखेरीज गावोगावी शाळांची, संस्थांची आणि देवस्थानांची लहानमोठी सभागृहे आहेत, जिथे जत्रेला किंवा काल्याला गावातलीच मंडळी नाटक उभे करतात. अशा एखाद्या सभागृहाच्या समितीने नवा प्रकाशनियंत्रण कन्सोल, म्हणजे रंगमंचाचे दिवे चालवणारे यंत्र, घ्यायचे ठरवले की पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: कोणत्या कंपनीचा घ्यावा? माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. सभागृहात काय सादर होते, दिवे कोणते आहेत आणि कन्सोलसमोर कोण बसणार आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी कागदावर उतरली पाहिजेत. ज्यांनी कन्सोलला कधी हात लावलेला नाही असे समिती सदस्य आणि नव्याने प्रकाशयोजनेकडे वळलेली मुलेमुली डोळ्यांसमोर ठेवून पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: वर्षभराचे कार्यक्रम लिहून काढा

सभागृहाची गेल्या वर्षाची नोंदवही उघडावी आणि प्रत्येक कार्यक्रमापुढे एकच गोष्ट लिहावी: प्रकाश तालमीत आधी बसवलेला होता, की ऐनवेळी हाताने सांभाळावा लागला? आपल्याकडे हे दोन्ही प्रकार एकाच रंगमंचावर, कधी एकाच आठवड्यात, येतात. स्पर्धेसाठी बसवलेल्या मराठी नाटकात पन्नास-साठ प्रकाशबदल सहज असतात, त्यांतील प्रत्येक बदल संहितेतल्या एखाद्या शब्दावर किंवा नटाच्या हालचालीवर बांधलेला असतो, आणि तो प्रत्येक प्रयोगात तसाच घडावा अशी अपेक्षा असते. संगीत नाटकात बदलाची जागा ठाऊक असली तरी वेळ ठाऊक नसते, कारण पद किती रंगेल हे त्या दिवशी गायकाच्या गळ्यावर ठरते. तियात्रात, म्हणजे गाण्यांनी भरलेल्या कोंकणी नाट्यप्रकारात, दोन पडद्यांच्या मधल्या वेळेत कांतारां म्हणजे गाणी होतात. त्या वेळी मागे नेपथ्य बदलत असते आणि पुढच्या पट्टीवर गायकासाठी स्वच्छ प्रकाश लागतो. जत्रेच्या नाटकाला कधी एखादीच रंगीत तालीम मिळते आणि प्रकाश चालवणाऱ्याला संहिता हातात धरून नटांच्या मागे धावावे लागते. याशिवाय स्नेहसंमेलने, नृत्याचे कार्यक्रम आणि सरकारी समारंभ असतातच. भाषणासाठी पुढचे दिवे लावणे आणि विझवणे एवढेच काम असले तरी ते शिपायालाही करता आले पाहिजे.

पहिल्या प्रकारासाठी, म्हणजे तालमीत आधी बसवलेल्या प्रकाशासाठी, क्यूंची (क्रमाने नोंदवलेल्या प्रकाशबदलांची) यादी उत्तम हाताळणारा कन्सोल लागतो आणि ऐनवेळी हाताने सांभाळायच्या प्रकाशासाठी बोटाखाली पुरेसे फेडर, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या दांड्या, लागतात. बहुतेक सभागृहांना दोन्ही हवे असतात, मात्र त्यांचे प्रमाण नोंदवहीतूनच कळते.

दुसरी पायरी: दिवे मोजा, मग चॅनेल मोजा

कन्सोल आणि दिवे यांच्यात डीएमएक्स ५१२ ही संकेतपद्धती चालते. १९८६ मध्ये अमेरिकेतील यूएसआयटीटी या नाट्यतंत्रज्ञांच्या संस्थेने ती ठरवली आणि आज जगभरातील नाट्यगृहांत तीच वापरली जाते. एका केबलमधून ५१२ चॅनेलांचा, म्हणजे स्वतंत्रपणे नियंत्रित करता येणाऱ्या ५१२ वाटांचा, संकेत जातो. या ५१२ चॅनेलांच्या गटाला युनिव्हर्स म्हणतात. प्रत्येक चॅनेलचा आकडा ० ते २५५ यांमध्ये असतो. डिमरवर, म्हणजे दिव्याची वीज कमी-जास्त करणाऱ्या उपकरणावर, चालणारा साधा हॅलोजन दिवा एक चॅनेल घेतो. एलईडी पार हा रंग बदलणारा दिवा मात्र तीव्रता, लाल, हिरवा, निळा, पांढरा असा प्रत्येक गुणधर्म वेगळ्या चॅनेलवर मागतो, आणि मूव्हिंग हेड हा स्वतः वळणारा दिवा तर दिशा, रंग, आकृती आणि झूम मिळून सोळा किंवा त्याहून अधिक चॅनेल घेतो.

मध्यम आकाराच्या सभागृहाचे उदाहरण घेऊ. डिमरचे १८ चॅनेल, आठ चॅनेलांचे १० एलईडी पार म्हणजे ८०, मागच्या सायक्लोरामासाठी (पार्श्वपडद्यासाठी) सहा चॅनेलांचे ८ एलईडी म्हणजे ४८, सोळा चॅनेलांचे ४ मूव्हिंग हेड म्हणजे ६४, आणि धुराच्या यंत्राचे २. एकूण २१२ चॅनेल झाले. पुढे आणखी आठ मूव्हिंग हेड घेतले तरी ही संख्या ३४० होते, म्हणजे एक युनिव्हर्स पुरते. वाढीसाठी आणि बाहेरून भाड्याने येणाऱ्या दिव्यांसाठी दोन युनिव्हर्सचा कन्सोल घेणे शहाणपणाचे ठरेल. विक्रेता आठ किंवा सोळा युनिव्हर्सचा आग्रह धरू लागला तर हा हिशेबाचा कागद त्याच्यापुढे ठेवावा.

याच वेळी दिव्यांच्या जोडणीचीही पाहणी करावी. एलईडी दिव्याला वीज थेट द्यायची असते, डिमरमधून नव्हे. डिमरमधून दिल्यास तो लुकलुकतो आणि त्यातले इलेक्ट्रॉनिक भाग खराब होतात. जुन्या सभागृहात सगळे सॉकेट डिमरवर असतात, त्यामुळे कन्सोलच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे लागते.

नवख्यांच्या सहसा लक्षात न येणारी एक गोष्ट इथेच सांगतो. नाटकात संध्याकाळ तीन मिनिटांत मावळायची आहे असे समजा. १८० सेकंदांत २५५ पायऱ्या उतरायच्या, म्हणजे एक पायरी सुमारे ०.७ सेकंदांची झाली. हॅलोजन दिव्याची तार सावकाश थंड होते, म्हणून त्या पायऱ्या डोळ्यांना जाणवत नाहीत. एलईडी मात्र क्षणात प्रतिसाद देतो आणि शेवटच्या मंद टप्प्यात प्रकाश जिना उतरल्यासारखा ठेचकाळत खाली येतो. ज्या एलईडी दिव्यांत तीव्रतेसाठी दोन चॅनेल वापरण्याची सोय असते, त्यांत ६५,५३६ पायऱ्या मिळतात आणि हा दोष जातो. मात्र कन्सोलनेही त्या दोन चॅनेलांना एक मानून चालवले पाहिजे. नाटकवाल्यांनी दिवा आणि कन्सोल दोन्ही तपासताना अगदी हळू मावळणारा प्रकाश स्वतः प्रेक्षागृहात बसून पाहावा. माझ्या मते सर्वांत महत्त्वाची चाचणी हीच आहे.

तिसरी पायरी: क्यूंची यादी कशी चालते ते पाहा

नाटकासाठी कन्सोल घेताना सर्वाधिक वेळ या पायरीला द्यावा. प्रत्येक क्यूला स्वतःचा क्रमांक, स्वतःचे नाव आणि स्वतःचा वेळ देता आला पाहिजे. चढणाऱ्या दिव्यांचा वेळ आणि उतरणाऱ्या दिव्यांचा वेळ वेगवेगळा ठेवता आला पाहिजे. आणि बाराव्या व तेराव्या क्यूच्या मध्ये रंगीत तालमीत नवा बदल सुचला तर साडेबारा क्रमांकाचा क्यू घालता आला पाहिजे. एका क्यूच्या मागोमाग दुसरा आपोआप सुटण्याची सोयही लागते, कारण विजेचा लखलखाट, क्षणभर अंधार आणि मग चांदणे हे तीन बदल ऑपरेटरने एकाच बटणावर सोडायचे असतात.

त्यानंतर ट्रॅकिंग समजून घ्यावे. समजा, तिसऱ्या क्यूमध्ये खिडकीमागचा निळा दिवा ६० टक्क्यांवर आणला. चौथ्यापासून आठव्या क्यूपर्यंत त्याला कोणी हात लावला नाही, आणि नवव्या क्यूमध्ये पहाट होताना तो शून्यावर नेला. ट्रॅकिंग पद्धतीचा कन्सोल फक्त बदल नोंदवतो, त्यामुळे मधल्या पाचही क्यूंमध्ये ६० हा आकडा तिसऱ्यातून वाहत येतो. दिग्दर्शकाला चांदणे जास्त वाटले आणि ते ४० वर आणायचे झाले, तर दुरुस्ती फक्त तिसऱ्या क्यूमध्ये करावी लागते. ट्रॅकिंग नसेल तर तीच दुरुस्ती सहा ठिकाणी करावी लागते आणि त्यांतली एखादी हमखास राहून जाते. मात्र हा प्रवाह योग्य ठिकाणी अडवला नाही तर पहिल्या अंकातली दुरुस्ती दुसऱ्या अंकात पाझरते, म्हणून प्रत्येक प्रवेशाच्या पहिल्या क्यूला ब्लॉक, म्हणजे मागून वाहत येणारे आकडे तिथेच अडवणारी खूण, लावण्याची सवय नवख्याने पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

मूव्हिंग हेड असतील तर आणखी एक सोय पाहावी. अंधारात असलेला दिवा पुढच्या क्यूमध्ये दुसऱ्या जागी पेटायचा असेल, तर त्याने आधीच गुपचूप तिकडे वळून थांबले पाहिजे. नाहीतर तो पेटल्यावर वळतो आणि करुण प्रसंगात प्रकाशाचा झोत रंगमंचभर फिरतो. काही कन्सोलांत या सोयीला मार्क म्हणतात, काहींत मूव्ह इन ब्लॅक. ती आपोआप चालते की प्रत्येक वेळी सांगावी लागते, हे विक्रेत्याकडून करून दाखवून घ्यावे.

क्यूंची यादी का हवी, हे मी एका जत्रेच्या नाटकात शिकलो. हाताशी एक लहान कन्सोल होता, ज्यात दृश्ये बँकांमध्ये, म्हणजे गटागटाने, साठवलेली होती आणि त्यांना नावे नव्हती. नटाकडून दोन पानांचे संवाद गळले आणि नाटक एकदम मृत्यूच्या प्रसंगावर पोहोचले. मला दुसऱ्या बँकेतून तिसऱ्या बँकेतल्या सहाव्या दृश्यावर जायचे होते. बँक बदलताना एक बटण चुकले आणि मरणाऱ्या माणसावर सकाळचे पिवळे ऊन पडले. नट अनुभवी होता, त्याने प्रसंग सावरला. क्यूंची यादी पडद्यावर नावांसह दिसत असती, तर त्या क्यूचा क्रमांक टाकून दोन सेकंदांत योग्य प्रकाश आला असता. त्या रात्रीपासून मी प्रत्येक क्यूला क्रमांकासोबत संवादातले दोन शब्द नाव म्हणून देतो.

चौथी पायरी: पर्यायांची तुलना करा

सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे १९२ चॅनेलांचे छोटे कन्सोल. त्यांवर सोळा चॅनेलांपर्यंतचे बारा दिवे चालतात आणि तीस बँकांत प्रत्येकी आठ अशी २४० दृश्ये साठवता येतात. शाळेच्या स्नेहसंमेलनाला ते पुरतात. प्रत्येक बदलाला वेगळा वेळ लिहून ठेवण्याची आणि मधे नवा क्यू घालण्याची सोय त्यांत नसते, म्हणून नाटकासाठी मी ते कोणाला सुचवत नाही.

दुसरा पर्याय संगणकाचा. क्यूएलसी प्लस हे मुक्त आणि विनामूल्य सॉफ्टवेअर आहे. चॅमसिस कंपनीचे मॅजिकक्यू हेही संगणकावर विनामूल्य मिळते. त्यांच्यासोबत यूएसबीवरून किंवा नेटवर्कवरून डीएमएक्स देणारी एक छोटी पेटी लागते आणि हाताने चालवण्यासाठी फेडरांचे पॅनेल जोडता येते. मर्यादित निधी असलेल्या सभागृहाला हा मार्ग खरोखर चांगला आहे, मात्र तो लॅपटॉप फक्त याच कामासाठी ठेवला पाहिजे. सचिवांच्या हिशेबाच्या लॅपटॉपवर नाटक चालवल्यास प्रयोगाच्या मध्यात त्यावर अपडेट सुरू होण्याचा धोका राहतो.

तिसरा पर्याय पूर्ण कन्सोलचा. ईटीसी कंपनीचे एलिमेंट आणि आयन हे ईऑस मालिकेतील कन्सोल नाट्यगृहाच्या विचाराने घडलेले आहेत. त्यांत ट्रॅकिंग पायाभूत आहे आणि दिव्यांना आज्ञा ‘एक ते दहा, साठ टक्के’ अशा वाक्यासारख्या क्रमाने दिली जाते. एमए लाइटिंगचे ग्रँडएमए आणि ॲव्होलाइट्सचे टायटन मालिकेतील कन्सोल संगीताच्या मैफिली आणि मोठे समारंभ यांत अधिक दिसतात, आणि ते चालवणारे ऑपरेटर भाड्याच्या दिव्यांसोबत सहज मिळतात. क्यूंची यादी या सर्वांत करता येते. फरक असतो तो कोणते काम कमी बटणांत होते याचा. नोंदवहीत नाटके जास्त असतील तर मी ईऑस मालिकेकडे किंवा मॅजिकक्यूकडे वळेन. नृत्य आणि वाद्यवृंदाचे कार्यक्रम जास्त असतील तर टायटनकडे.

बाजारात नामांकित कन्सोलांच्या हुबेहूब नकला कमी किमतीत मिळतात. त्यांत जुने, चोरलेले सॉफ्टवेअर असते, ते पुढे अद्ययावत होत नाही, आणि बिघाड झाल्यावर मूळ कंपनी हात लावत नाही. सार्वजनिक पैशातून त्या घेऊच नयेत.

दिव्यांच्या नोंदींचा संग्रह, म्हणजे फिक्स्चर लायब्ररी, हाही तुलनेचा भाग आहे. आपल्याकडच्या सभागृहांतले कित्येक एलईडी दिवे कोणत्याच नावाजलेल्या कंपनीचे नसतात आणि कोणत्याच संग्रहात सापडत नाहीत. त्यांच्या माहितीपुस्तिकेतला चॅनेलांचा तक्ता पाहून स्वतः नोंद तयार करण्याची सोय कन्सोलमध्ये आहे का, आणि ती किती सोपी आहे, हे आपल्याच सभागृहातील एक दिवा विक्रेत्याकडे नेऊन तपासावे.

पाचवी पायरी: चालवणाऱ्याला आधी निवडा

समितीच्या बैठकीत हा मुद्दा मागे पडतो, म्हणून त्यावर माझा भर आहे. पैसे भरण्यापूर्वी गावातल्या किमान दोघांनी हा कन्सोल शिकायचे मान्य केलेले असावे. एकाच माणसावर विसंबल्यास तो नोकरीसाठी परदेशी गेला की कन्सोलवर कापड पडते. ईऑस, मॅजिकक्यू, ग्रँडएमए आणि टायटन या चारही पद्धतींचे सराव करण्याचे सॉफ्टवेअर संगणकावर विनामूल्य मिळते. त्या दोघांनी महिनाभर घरी सराव करून आपल्याच संहितेचे वीस क्यू लिहून पाहावेत. ज्या पद्धतीत त्यांचा हात बसेल तिला निवडताना मोठे वजन द्यावे. तसेच कामाला येणाऱ्या प्रकाशयोजनाकारांना विचारावे की त्यांच्या फाइली कोणत्या पद्धतीच्या आहेत. स्पर्धेत दिवे लावायला मिळणारा वेळ तासांत मोजायचा असतो, आणि तयार फाइल उघडली तर त्यातला बराच वाचतो. नव्या आवृत्तीत केलेली फाइल जुन्या आवृत्तीच्या कन्सोलवर सहसा उघडत नाही, म्हणून आपल्या कन्सोलची आवृत्ती नियंत्रण कक्षाच्या दारावर लिहून ठेवावी.

सहावी पायरी: जागा, वीज आणि दमट हवा

कन्सोल ठेवण्याची जागा अशी असावी की ऑपरेटरला संपूर्ण रंगमंच दिसेल आणि संवाद कानांनी ऐकू येतील. काच बंद असलेल्या कक्षात केवळ स्पीकरवर विसंबल्यास हळू उच्चारलेला शब्द हुकतो आणि त्यावरचा क्यूही हुकतो. दिवे फोकस करताना शिडीवरच्या माणसाला फोनवरून दिवे लावता-विझवता येतील अशी रिमोटची सोय असल्यास दोन माणसांचे काम एक माणूस करतो.

डीएमएक्सची केबल १२० ओहमची, त्याच कामासाठी बनवलेली असावी. मायक्रोफोनची केबल दिसायला सारखी असली तरी लांब अंतरावर संकेत बिघडवते. दिवे एकामागून एक साखळीने जोडावेत, शेवटच्या दिव्यावर टर्मिनेटर, म्हणजे साखळीचे टोक बंद करणारा लहान प्लग, लावावा आणि एका साखळीवर बत्तीसपेक्षा जास्त उपकरणे ठेवू नयेत. साखळ्यांचे फाटे पाडायचे असतील तर प्रकाशीय विलगता असलेला स्प्लिटर वापरावा. वळिवाच्या दिवसांत विजा कडाडतात तेव्हा एखाद्या दिव्यातून आलेला विजेचा धक्का कन्सोलपर्यंत पोहोचण्याची वाट हा स्प्लिटर बहुतांशी अडवतो.

कन्सोलला स्वतंत्र यूपीएस हवाच. पावसाळ्यात आपल्याकडे वीज क्षणभर जाते आणि परत येते. दिवे लगेच पेटतात, पण कन्सोल म्हणजे आतून संगणकच, त्याला पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो. संकेत तुटल्यावर डिमर आणि एलईडी दिव्यांनी शेवटचा प्रकाश धरून ठेवावा की अंधार करावा, हे बऱ्याच उपकरणांत ठरवता येते. नाटकासाठी प्रकाश धरून ठेवणे बरे.

खाऱ्या दमट हवेचा त्रास फेडरांना सर्वांत आधी होतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कार्यक्रम कमी झाले तरी कन्सोल आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवावा, वरून सुती कापड घालावे, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात. वातानुकूलन बंद केल्यानंतर थंड यंत्रावर ओल धरते, तेव्हा प्लास्टिकने घट्ट गुंडाळणे टाळावे.

सातवी पायरी: निविदा, खरेदी आणि ताबा

निविदेत कंपनीचे नाव लिहिण्याऐवजी क्षमता लिहाव्यात: दोन युनिव्हर्स, ट्रॅकिंगची क्यू यादी, दशांश क्रमांकाचे क्यू, चढत्या-उतरत्या प्रकाशाचे स्वतंत्र वेळ, किमान वीस फेडर, बाहेरचा पडदा जोडण्याची सोय आणि स्वतः फिक्स्चर नोंद करण्याची सोय. त्यासोबत तीन अटी घालाव्यात. दुरुस्तीसाठी यंत्र कुठे जाईल आणि तोवर बदली कन्सोल मिळेल का, हे लेखी द्यावे. प्रशिक्षण सभागृहातच, आपल्याच दिव्यांवर, किमान दोन दिवसांचे असावे. आणि सॉफ्टवेअरची पुढील आवृत्ती घालून देण्याची जबाबदारी हमीच्या काळात विक्रेत्याची असावी.

ताबा घेताना सर्व दिवे जोडून, आधी लिहिलेले वीस क्यू चालवून पाहावेत. फाइल कन्सोलवर आणि दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर साठवावी, आणि त्यांतील एका पेनड्राइव्हवरून ती पुन्हा उघडून दाखवायला सांगावी. मग अकरावा क्यू चालू असताना यूपीएसमधून कन्सोलची वायर काढून तो मुद्दाम बंद करावा, वायर परत लावावी, घड्याळ लावावे, आणि अकराव्या क्यूचा प्रकाश रंगमंचावर परत येईपर्यंत किती सेकंद लागले ते मोजावे. तो आकडा कागदावर लिहून कन्सोलच्या कडेला चिकटवावा, म्हणजे वीज गेल्यावर किती वेळ सावरून न्यायचे हे विंगेतल्या माणसाला आणि नटांना आधीच ठाऊक असेल.